घरी जाण्याची सुट्टी



लकडगंजात राहणाऱ्याला दिवाळी जवळ आल्याचे कॅलेंडर पाहून कळत नाही, ते कानाने कळते. एरवी सकाळपासून कानावर आदळणारा आरा मशीनचा आवाज एकेका टालावरून बंद होत जातो. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेले मजूर गाठोडी बांधतात, पोरांसाठी कपडे घेतात आणि इतवारी स्टेशनाच्या दिशेने चालू लागतात. दिवाळी हा आपला सण नव्हे, तो आपण का सोडला हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण ही निघालेली माणसे पाहून पाय थबकतो खरा. एकदा अशाच एका हमाल दादाला मी विचारले, "दादा, इतक्या दिवसांची रोजी बुडते, मग जाता कशाला?" तो म्हणाला, "मजुरी बुडन जी, पण मायले तोंड दाखवाच लागते."

हे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. विहारात रविवारी मुले जमतात, तिथे एका मुलीने प्रश्न टाकला. "चीनमधले लोक बुद्धाला मानतात म्हणता, मग त्यांना बुद्धजयंतीची सुट्टी असते का? त्यांच्या शाळा कोणकोणत्या सणाला बंद असतात?" मला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन शोधू लागलो आणि जसजसे वाचत गेलो तसतसा तो हमाल दादाच डोळ्यांपुढे येत राहिला. चीनच्या जुन्या सणांतला सर्वांत मोठा सण हा मुळात घरी जाण्याचा सण आहे.

आधी हिशेब सांगतो. चीनमध्ये सर्वांना लागू असलेल्या सरकारी सुट्ट्या २०२५ पासून वर्षाला १३ दिवस आहेत, त्याआधी ११ होत्या. त्यांपैकी १ जानेवारी, मे महिन्यातला कामगार दिन आणि १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन हे नव्या जमान्याचे. बाकी चार सण पिढ्यान्‌पिढ्यांचे : वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष, एप्रिलमधला छिंगमिंग, पाचव्या महिन्यातला नौकांचा सण आणि शरदातल्या पौर्णिमेचा सण. वसंतोत्सवाला चार दिवस, इतरांना एकेक.

या सणांच्या तारखा दरवर्षी बदलतात, कारण चीनचे जुने पंचांग आपल्यासारखेच चंद्रावर चालते. अमावस्येला महिना पालटतो, पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते आणि दोन-तीन वर्षांनी त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात. वसंतोत्सव २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतो, बहुतेक वर्षी आपल्या माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास. २०२६ मध्ये तो १७ फेब्रुवारीला आला आणि घोड्याचे वर्ष सुरू झाले. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा प्राण्यांची वर्षे पाळीपाळीने येतात आणि आजीला वय विचारले तर ती प्राण्याचे नाव सांगते.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. घर झाडून-पुसून लख्ख करतात. पहिल्या दिवशी मात्र झाडू हातात घेत नाहीत, आलेले भाग्य झाडले जाईल म्हणून. (नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बायकांना झाडण्यापासून सुटका, हा त्यातला फायदा मला तरी मोठा वाटतो.) दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छांच्या ओळी चिकटवतात. चुलीजवळ जुन्या घरांतून स्वयंपाकघराच्या देवाचे चित्र असते. तो वर्षाच्या शेवटी स्वर्गात जाऊन घरातल्यांचे बरेवाईट सांगतो अशी समजूत. म्हणून त्याला निरोप देताना तोंडाला चिकट गोड लावतात, म्हणजे तो गोड तरी बोलेल, नाहीतर त्याचे तोंड तरी चिकटेल! देवालाही चिरीमिरी देण्याची ही रीत पाहून हसू येते. आपण असल्या देवांपासून मोकळे झालो हे बरेच झाले.

पण त्या रात्रीचे जेवण पाहा. वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळे घर एका टेबलाभोवती बसते. उत्तरेकडे च्याओज करतात, म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचे, आत खिमा आणि भाजी भरलेले, उकडलेले. सासू-सुना, पोरे, म्हातारे सगळे मिळून ते वळतात. दक्षिणेकडे चिकट तांदळाचा गोड केक असतो. ताटात मासा हवाच आणि तो थोडा उरवायचा, कारण चिनी भाषेत मासा आणि शिल्लक या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. वर्षअखेरीस घरात काहीतरी शिल्लक राहावे, ही गरिबाची साधी इच्छा त्यात आहे. जेवणानंतर मुलांना लाल पाकिटातून पैसे देतात. आणि मग फटाके.

या एका जेवणासाठी जी धावपळ होते तिला जगात तोड नाही. चीनमध्ये खेड्यातून बाहेर पडून मजुरी करणाऱ्यांची संख्या सुमारे ३० कोटी आहे. बांधकामावर, शिलाईच्या कारखान्यात, मोबाईलचे भाग जोडणाऱ्या पट्ट्यावर ही माणसे वर्षभर राबतात. त्यांच्या नावाची नोंद गावाच्या दप्तरी असते. शहरात राहूनही शहराच्या शाळा-दवाखान्यांवर त्यांना शहरवाल्यांइतका हक्क सहजी मिळत नाही. त्यामुळे कित्येकांची मुले गावी आजी-आजोबांकडे वाढतात आणि आई-बापांना वर्षातून एकदा, या सणाला पाहतात. सणाच्या आधीचे १५ आणि नंतरचे २५, असे ४० दिवस प्रवासाचा हंगाम असतो. २०२५ च्या हंगामात एकट्या रेल्वेने ५० कोटींहून अधिक फेऱ्या झाल्या. २००८ साली ऐन हंगामात दक्षिणेत मोठा हिमवर्षाव झाला, गाड्या बंद पडल्या आणि क्वांगचौ स्टेशनाबाहेर लाखो मजूर पोती-पिशव्या घेऊन थंडीत दिवसेंदिवस ताटकळले. घरी जायला मिळावे एवढेच त्यांचे मागणे होते.

आणखी एक गोष्ट टालावर आणि साईटवर काम करणाऱ्या वाचकांना लगेच समजेल. बांधकामावरच्या मजुराचा हिशेब तिथे वर्षानुवर्षे सणाच्या तोंडावर होत आला. महिन्याला खर्चापुरते द्यायचे आणि बाकी वर्षअखेरीस. मग ठेकेदार नेमका त्याच वेळी गायब व्हायचा. रिकाम्या हाताने गावी कसे जायचे म्हणून किती जण गेलेच नसतील. २००३ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान वन च्यापाव खेड्यात गेले असता एका शेतकरी बाईने नवऱ्याची थकलेली मजुरी सरळ त्यांनाच सांगितली आणि ती त्याच रात्री मिळाली. ती बातमी देशभर गेली. पुढे २०२० च्या १ मेपासून मजुरांच्या वेतनासाठी वेगळे नियम लागू झाले. तरी सण जवळ आला की थकलेल्या मजुरीच्या तक्रारी अजून निघतातच. कायद्यातले एक कलम मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९५ पासून लागू असलेल्या त्यांच्या कामगार कायद्याप्रमाणे सरकारी सणाच्या दिवशी कामावर बोलावले तर किमान तिप्पट मजुरी द्यावी लागते.

हा सण मोडण्याचे प्रयत्नही झाले. १९१२ साली चीनमध्ये राजेशाही गेली, इंग्रजी कॅलेंडर आले आणि पुढे जुन्या नववर्षाला 'वसंतोत्सव' हे नाव मिळाले. १९२८ नंतरच्या राष्ट्रवादी सरकारने जुने नववर्ष पाळूच नका म्हणून फर्माने काढली. लोकांनी ऐकले नाही. १९६७ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या गदारोळात, कम्युनिस्ट सरकारने सणाची सुट्टीच रद्द केली. नववर्षाच्या दिवशी कामगार कारखान्यात गेले. सुट्टी परत आली ती १९८० च्या सुमारास. छिंगमिंग, नौकांचा सण आणि शरद पौर्णिमा यांना तर २००८ पासून सुट्टी मिळाली आणि तीही १ मेच्या सुट्टीचे दिवस कमी करून. त्या सरकारांचे सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. भोळ्या समजुती जायलाच हव्यात. पण चुलीजवळच्या देवासोबत त्यांनी आईच्या हातचे जेवणही काढून घ्यायला पाहिले, तिथे लोक अडले.

आता आपल्या बाजूची एक हकीकत. तुमसर रोडवरून रेल्वेचा एक फाटा तिरोडीला जातो. मँगनीजच्या खाणींचे हे गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे आणि हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. या तिरोडीत वांग छी नावाचा एक चिनी माणूस राहत होता. चिनी सैन्यातला हा सर्वेक्षक जानेवारी १९६३ मध्ये वाट चुकून भारताच्या हद्दीत आला आणि पकडला गेला. सहा-सात वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर १९६९ मध्ये न्यायालयाने त्याला सोडले आणि त्याला तिरोडीला आणून ठेवले. गावाने त्याला 'राज बहादूर' केले. पिठाच्या गिरणीत त्याने काम केले, तिथल्याच सुशीलाबाईंशी लग्न केले, मुले झाली, नातवंडे झाली. पण परत जायला ना या देशाचा कागद होता ना त्या देशाचा. २००६ साली तिकडे त्याची आई वारली. मायले तोंड दाखवायचे राहूनच गेले.

अखेर कागद झाले. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी, ५४ वर्षांनी, वांग छी बीजिंगच्या विमानतळावर उतरले तेव्हा भाऊबंद घ्यायला आले होते. आता तारीख पाहा. त्या वर्षी चिनी नववर्ष २८ जानेवारीला होते, म्हणजे ११ फेब्रुवारी हा नववर्षाचा पंधरावा दिवस, कंदिलांचा सण! वसंतोत्सवाची सांगता याच पौर्णिमेला होते. दारोदार लाल कंदील लावतात, त्यांवर कोडी लिहिलेली असतात, मुले ती सोडवतात. घरोघरी तांदळाच्या चिकट पिठाचे, आत तीळ किंवा शेंगदाण्याचे सारण भरलेले गोल गोळे उकळत्या पाण्यात शिजवून खातात. गोळा गोल, चंद्र गोल आणि घरची माणसेही गोल करून बसलेली, असा त्याचा अर्थ लावतात. अर्ध्या शतकानंतर म्हातारा झालेला हा माणूस नेमका त्या दिवशी आपल्या शान्‌शी प्रांतातल्या गावाकडे निघाला.

हे सण पाहायला चीनला जाण्याचीही गरज नाही. मुंबईत माझगावला 'सी यूप कून' नावाचे छोटेसे चिनी मंदिर १९१९ पासून उभे आहे. दक्षिण चीनमधून आलेल्या खलाशांनी आणि गोदीत काम करणाऱ्यांनी ते बांधले. खाली करुणेची मूर्ती मानलेली क्वान्‌यिन, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचे चिनी रूप, आणि वरच्या मजल्यावर क्वान्‌कुंग हा वीर. नववर्षाच्या रात्री मुंबईत उरलेली चिनी कुटुंबे तिथे जमतात. ती थोडीच उरली आहेत, कारण १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहिले गेले. सुमारे ३,००० जणांना, बायका-मुलांसह, राजस्थानात देवळीच्या छावणीत कोंडले गेले. पुष्कळ जण इथेच जन्मलेले होते. वांग छी इकडे अडकले आणि ही माणसे आपल्याच देशात परकी झाली.

आता छिंगमिंगकडे वळू. हा सण चंद्रावर चालत नाही, सूर्यावर चालतो, म्हणून दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या सुमारास येतो. त्या दिवशी लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, गवत काढतात, दगड धुतात, फुले ठेवतात. काही जण मेलेल्यांना खर्चायला म्हणून कागदी नोटा जाळतात आणि खाणे मांडतात. श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला ते पटणारे नाही. चीनमध्येही आता पुष्कळजण नुसती फुले वाहतात. पण गेलेल्यांच्या आठवणीत एक दिवस झाडलोट करायला जाणे यात वावगे काही नाही.

आणि या दिवशी तिथे एका मराठी माणसाच्या कबरीवरही फुले पडतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक मदतीला गेले. त्यांत अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. हे नाव आज नागपुरात किती जणांना ठाऊक असेल? बाकीचे एकेक करून परत आले. कोटणीस राहिले. आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिन्‌हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, तो आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. त्यांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात आहे. सोलापूरचे घर हजारो कोस दूर, पण छिंगमिंगला त्यांच्या समाधीवर चिनी लोक फुले आणतात.

नौकांच्या सणाचे थोडक्यात सांगतो. पाचव्या महिन्याची पंचमी. छ्वी युआन नावाचा कवी आणि मंत्री होता. राजाने त्याला हद्दपार केले आणि राज्य बुडाल्याच्या दुःखाने त्याने नदीत उडी घेतली, असे सांगतात. लोक नावा घेऊन शोधायला धावले, माशांनी त्याचे शरीर खाऊ नये म्हणून त्यांनी पाण्यात भात टाकला. त्याची आठवण म्हणून लांबलचक नावांच्या शर्यती होतात आणि पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात खातात. खऱ्याला शिक्षा झाली की लोक ते विसरत नाहीत, दोन हजारांवर वर्षे झाली तरी.

शरदाचा सण आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपद पौर्णिमा असते. २०२५ मध्ये मात्र त्यांचा अधिक महिना आधी पडला आणि ६ ऑक्टोबरला, आपल्या आश्विन पौर्णिमेलाच त्यांचा सण आला. विहारांतून वर्षावासाची समाप्ती चालू होती, कोणाच्या गच्चीवर दूध आटत होते आणि तिकडे लोक अंगणात बसून चंद्राच्या आकाराचे भरलेले केक कापून खात होते. जो घरी नाही त्याने तोच चंद्र पाहावा म्हणतात.

मग मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? चीनच्या मुख्य भूमीवर बुद्धजयंतीची सरकारी सुट्टी नाही. हाँगकाँगमध्ये ती १९९९ पासून आहे, मकावमध्येही आहे. त्यांच्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला बालबुद्धाच्या मूर्तीवर पाणी घालतात. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला बौद्ध विहारांत मोग्गल्लानाची कथा सांगतात. आईला दुःखातून सोडवण्यासाठी त्याने भिक्खुसंघाला दान दिले, अशी ती कथा आहे. तिथेही पुन्हा आईच!

मला सर्वांत आपला वाटला तो बिनसुट्टीचा एक दिवस. बाराव्या महिन्याची अष्टमी, बहुधा जानेवारीत येणारी. चिनी परंपरेत सिद्धार्थाला बोधी मिळाली ती या दिवशी, असे मानतात. आपण वैशाख पौर्णिमा मानतो, पण सुजाताची खीर दोन्हीकडे तीच. त्या दिवशी विहारांत पहाटेपासून मोठमोठ्या कढया चढतात आणि येईल त्याला, जात-पात किंवा श्रद्धा न विचारता, वाडगाभर खीर देतात. हांगचौच्या लिंग्यिन विहारासमोर भल्या पहाटे रांगा लागतात. कारखान्याकडे निघालेले कामगारही वाटेत थांबतात.

त्या मुलीच्या आईने ही खीर आमच्या विहारात करून पाहिली, ती सांगून थांबतो. रात्री चवळी, मूग आणि शेंगदाणे भिजत घालायचे. सकाळी ते आधी अर्धे शिजवून घ्यायचे, मग त्यात तांदूळ आणि मूठभर जाड दळलेली ज्वारी घालायची. मंद आचेवर तासभर, अधूनमधून ढवळत, बुडाला लागू द्यायचे नाही. खारकेचे तुकडे शेवटच्या पंधरा मिनिटांत आणि गूळ भांडे उतरवल्यावर घालायचा, आधी घातला तर दाणे टणक राहतात. पाणी सढळ ठेवावे, कारण ही खीर थंड झाली की घट्ट होते. आमच्याकडे पन्नास माणसांचा अंदाज धरला होता आणि टालावरून सुटलेले मजूर धरून सत्तर-ऐंशी जण जेवून गेले.